उत्तर न आलेलं नोटिफिकेशन

पायथनमधून लिनक्स डेस्कटॉपवर नोटिफिकेशन दाखवायला चार-पाच ओळी पुरतात. लिबनोटिफाय आयात करायचं, आपल्या प्रोग्रामचं नाव सांगून ते सुरू करायचं, मथळा आणि मजकूर देऊन नोटिफिकेशन बनवायचं आणि ‘शो’ म्हणायचं. पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उमटते. तिला बटण जोडणं ही आणखी एकच ओळ: ‘ॲड ॲक्शन’, बटणाची खूण, बटणावरचा मजकूर आणि दाबल्यावर चालवायचं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक. या एका ओळीनंतर मात्र प्रोग्रामचं स्वरूप पालटतं. तोवर तो फक्त सांगत असतो. आता तो विचारू लागतो. ज्यानं विचारलं त्याला उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि ते आलंच नाही तर काय करायचं हेही आधीच ठरवावं लागतं. कॉलबॅकच्या ज्या अडचणी मी सोडवल्या, त्यांतल्या बहुतेक या न आलेल्या उत्तराच्या होत्या.

एका छोट्या प्रकाशनाच्या कार्यालयातलं असं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे देखभालीला आलं. तिथे संगणकांवर लिनक्स होतं, पानं स्क्रायबसमध्ये लागत. पान लावून झालं की ऑपरेटर ते सामायिक फोल्डरमध्ये टाकत. मुद्रितशोधक बाईंच्या संगणकावर चालणारी पायथन स्क्रिप्ट ते हेरून ‘नवं प्रूफ आलं’ असं नोटिफिकेशन दाखवी, खाली ‘उघडा’ हे बटण. दुरुस्त्या लागल्या की दुसरं नोटिफिकेशन येई: ‘पान छापखान्याकडे पाठवायचं?’ त्याला ‘पाठवा’ आणि ‘थांबवा’ अशी दोन बटणं. ज्यानं हे लिहिलं तो तोपर्यंत दुसरीकडे नोकरीला लागला होता. कोड स्वच्छ होता, वाचायला सोपा होता. तरी बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “दादा, बटण दाबलं की चौकट जाते, पान मात्र उघडत नाही. बरं, नेहमीच असं होतं म्हणावं तर तसंही नाही. कधी उघडतं, कधी नाही.”

यातलं ‘कधी उघडतं, कधी नाही’ फार महत्त्वाचं होतं. ते उलगडायला यंत्रणा कशी चालते ते आधी पाहावं लागेल.

कोपऱ्यातली चौकट आपला प्रोग्राम काढत नाही. ती काढणारा वेगळा प्रोग्राम असतो, त्याला नोटिफिकेशन सर्व्हर म्हणतात. ग्नोममध्ये ते काम खुद्द ग्नोम शेल करतं, केडीईमध्ये प्लाझ्मा, एक्सएफसीईमध्ये त्याचा स्वतःचा नोटिफायडी. हलकी मांडणी आवडणारे डन्स्ट किंवा माको वापरतात. या सगळ्यांशी बोलण्याची रीत एकच आहे. ती फ्रीडेस्कटॉपच्या डेस्कटॉप नोटिफिकेशन्स स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली आहे आणि बोलणं डी-बसच्या सेशन बसवरून होतं. आपण ‘नोटिफाय’ ही मेथड हाकारतो. तिच्यासोबत प्रोग्रामचं नाव, कोणतं जुनं नोटिफिकेशन बदलायचं त्याचा क्रमांक, चित्र, मथळा, मजकूर, बटणांची यादी, काही इशारे आणि किती वेळ दाखवायचं ते मिलिसेकंदांत जातं. सर्व्हर उलट एक क्रमांक देतो, जो कधीच शून्य नसतो. पुढे काही घडलं तर तो मुख्यतः दोन सिग्नल पाठवतो: बटण दाबलं तर ‘ॲक्शन इन्व्होक्ड’, चौकट गेली तर ‘नोटिफिकेशन क्लोज्ड’. दोन्हींसोबत तोच क्रमांक येतो.

आता बटणांच्या यादीकडे नीट पाहा. तिच्यात असतात नुसत्या मजकुराच्या जोड्या: ‘ओपन’ ही खूण आणि ‘उघडा’ हे लेबल. आपलं फंक्शन त्यात कुठेच नाही. ते बसवरून जातच नाही. ते आपल्याच प्रोसेसमध्ये, लायब्ररीच्या नोंदीत पडून राहतं. शेजाऱ्याच्या हाती चिठ्ठी देऊन उत्तर मागवावं तसा हा मामला आहे. उत्तर घेऊन तो येईल तेव्हा आपण घरात असायला हवं, दारावरची थाप ऐकायला हवी आणि हे कोणत्या चिठ्ठीचं उत्तर ते आपल्याला आठवायला हवं. या तीन अटींपैकी एक जरी सुटली तरी पडद्यावर दिसतं ते एकच: बटण दाबलं, चौकट गेली, काही झालं नाही. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही.

घरात असणं म्हणजे प्रोसेस जिवंत असणं. नोटिफिकेशन दाखवून संपणाऱ्या स्क्रिप्टचं बटण कोणी दाबलं तर सर्व्हर सिग्नल पाठवतो, पण ऐकायला कोणी उरलेलं नसतं. हे बहुतेकांच्या लवकर लक्षात येतं. थाप ऐकणं जास्त चकवतं. प्रोसेस चालू आहे, पण तिच्यात मेन लूप फिरत नाही, तर बसवर आलेला सिग्नल नुसता रांगेत पडून राहतो. फोल्डरवर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टा बऱ्याचदा ‘कायम फिर, फोल्डर बघ, पाच सेकंद झोप’ अशा लिहिलेल्या असतात. त्या झोपेत कॉलबॅक चालत नाही, आणि जागेपणीही नाही, कारण त्या फेऱ्यात ग्लिबच्या मेन लूपला बोलायची संधीच नसते. अशा वेळी फेरा उलटा करायचा: सगळ्यात बाहेर ग्लिबचा मेन लूप आणि फोल्डर बघण्याचं काम त्याच्या ‘टाइमआउट ॲड सेकंड्स’मध्ये. त्या फंक्शननं शेवटी ‘ट्रू’ परत करायला विसरू नये. काहीच परत केलं नाही की ते एकदाच चालून थांबतं आणि नवी प्रूफं दिसणंच बंद होतं.

फोल्डरवर नजर ठेवायला जीआयओचा फाइल मॉनिटर का वापरत नाही, असं कोणी विचारेल. एकाच संगणकावरच्या फोल्डरसाठी जरूर वापरावा. पण लिनक्समध्ये तो आयनोटिफायवर चालतो, आणि एनएफएससारख्या नेटवर्क फोल्डरमध्ये दुसऱ्या संगणकानं टाकलेली फाइल आयनोटिफायला कळत नाही. तिथे ठरावीक वेळानं जाऊन बघणंच भरवशाचं.

ज्यांनी लिबनोटिफायऐवजी नोटिफाय-टू ही शुद्ध पायथनमधली लायब्ररी घेतली असेल, त्यांना मेन लूप कोणता ते सुरुवातीच्या ‘इनिट’मध्येच सांगावं लागतं, न सांगता चौकट दिसते, कॉलबॅक मात्र मिळत नाहीत. तिच्याखालच्या डीबस-पायथनचंही तसंच: बसशी जोडणी करण्याआधी मेन लूप ठरवायचा, नंतर नाही.

बाईंच्या संगणकावर मेन लूप व्यवस्थित फिरत होता. तिथे गाठ तिसऱ्या अटीची होती. लिबनोटिफायमध्ये कॉलबॅकची नोंद नोटिफिकेशनच्या वस्तूतच असते. ती वस्तू नष्ट झाली की नोंद गेली आणि सिग्नल ऐकणारी जोडणीही सुटली. सीपायथनमध्ये एखाद्या वस्तूकडे बोट दाखवणारं शेवटचं नाव गेलं की ती लगेच नष्ट होते. त्या स्क्रिप्टमध्ये नोटिफिकेशन ठेवायला एकच नाव होतं. नवं प्रूफ आलं की नवं नोटिफिकेशन त्याच नावात जाई आणि आधीचं नष्ट होई. पडद्यावर मात्र आधीची चौकट तशीच राही, कारण ती सर्व्हरच्या ताब्यात असते. बटणासकट, अगदी धडधाकट दिसणारी. म्हणजे एका वेळी एकच प्रूफ आलं तर बटण चालायचं. दोन लागोपाठ आली तर शेवटचं चालायचं, पहिलं नाही. तपासताना आपण नेहमी एकच नोटिफिकेशन दाखवून बघतो, त्यामुळे तपासात हे कधीच सापडलं नसतं. फंक्शनच्या आतल्या स्थानिक नावात नोटिफिकेशन ठेवणाऱ्या कोडची गत याहून वाईट. फंक्शन संपलं की बटण मेलं. तेच इंटरप्रिटरमध्ये हातानं टाइप करून पाहिलं तर चालतं, कारण तिथे नाव जिवंत राहतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक दाखवलेलं नोटिफिकेशन एका डिक्शनरीत ठेवायचं, आणि किल्ली म्हणून आपल्या कामाची ओळख वापरायची. इथे पानाचा क्रमांक. ‘क्लोज्ड’ आलं की डिक्शनरीतून काढायचं. मात्र ‘क्लोज्ड’ येईलच असं धरू नये. सर्व्हर मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर आधीच्या चौकटींबद्दल कोणीच काही कळवत नाही. म्हणून फार जुन्या नोंदी आपणच वेळेवर साफ कराव्यात. त्याच पानाचं नवं प्रूफ आलं तर नवं नोटिफिकेशन न काढता जुनंच ‘अपडेट’ करावं. पडद्यावर गर्दी होत नाही आणि एका पानाला एकच प्रश्न राहतो.

जे थेट डी-बसवरून काम करतात त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. सिग्नल आला म्हणजे तो आपल्याच नोटिफिकेशनचा आहे असं मानू नका. काही सर्व्हर हे सिग्नल सगळ्यांना ऐकू जातील असे सोडतात, तेव्हा दुसऱ्या प्रोग्रामच्या चौकटीवरचं बटणही आपल्या कानावर येतं. क्रमांक ताडून पाहणं अनिवार्य आहे. शिवाय सर्व्हर पुन्हा सुरू झाला की क्रमांक पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ शकतात, त्यामुळे बसवर नोटिफिकेशन सर्व्हरच्या नावाचा मालक बदलल्याचं कळलं की आपल्याजवळचे जुने क्रमांक टाकून द्यावेत.

‘उघडा’ची अडचण अशी सुटली. ‘पाठवा’ची अडचण मात्र गंभीर होती. तिथे बटण दाबल्यावर न उघडलेल्या पानाचा त्रास नव्हता. दुरुस्त केलेलं पान छापखान्यात पोचतच नव्हतं, आणि एका अंकात जुनंच पान छापून गेलं होतं. संध्याकाळभर बसून लावलेल्या दुरुस्त्या वाया गेल्या, आणि वाचकाच्या हाती पडला तो चुकांसहितचा मजकूर. मुद्रितशोधकाचं काम चोख झालेलं असताना दोष त्याच्याकडे जावा, हे मला आजही फार लागतं.

त्या कोडमध्ये तीन कॉलबॅक होते. ‘पाठवा’ दाबलं की पान रांगेत जाई आणि वेगळा थ्रेड ते पाठवी. ‘थांबवा’ दाबलं की पान रांगेतून काढलं जाई. चौकट नुसती बंद केली, म्हणजे ‘क्लोज्ड’ आलं, तर त्याचा अर्थ ‘थांबवा’ असाच धरला होता. वाचताना हे शहाणपणाचं वाटतं: माणसानं उत्तर न देता चौकट मिटवली, तर पाठवू नये. पण बटण दाबल्यावर चौकटही जाते. सर्व्हर आधी ‘ॲक्शन इन्व्होक्ड’ पाठवतो आणि लगेच मागोमाग ‘नोटिफिकेशन क्लोज्ड’. म्हणजे ‘पाठवा’ दाबणाऱ्या प्रत्येकानं पुढच्या क्षणी ‘थांबवा’ही दाबलं, असं प्रोग्राम समजत होता. पाठवणारा थ्रेड मोकळा असेल तर दोन सिग्नलांमधल्या फटीत तो पान उचलून घेई आणि सगळं ठीक दिसे. तो आधीच्या जड, चित्रांच्या पानात गुंतलेला असेल तर पान रांगेतच राही आणि ‘क्लोज्ड’ येऊन त्याला काढून टाकी. निवांत दिवशी सगळी पानं जात. दिवाळी अंकाच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा पानांमागून पानं सुटत, तेव्हाच ती गळत.

यातून मी एक नियम धरला आणि तो सोडलेला नाही. प्रत्येक प्रश्नाला आपल्या प्रोग्राममध्ये स्वतःची अवस्था असावी: बाकी, होकार, नकार. ‘बाकी’ असेल तरच कॉलबॅकनं ती बदलावी. एकदा उत्तर नोंदलं की मागाहून काहीही आलं तरी ते बदलायचं नाही. ‘क्लोज्ड’नं फक्त आपल्या नोंदवहीतली वस्तू काढावी, निर्णयाला हात लावू नये. दोन सिग्नलांच्या क्रमावरही विसंबू नये, कारण एका सर्व्हरवर जो क्रम दिसला तो सगळीकडे तसाच असेल याची खात्री देता येत नाही. बरं, ‘रेसिडेंट’ हा इशारा दिला असेल तर बटण दाबूनही चौकट जात नाही, म्हणजे तेच बटण दोनदा दाबलं जाऊ शकतं. अवस्थेचा नियम पाळला असेल तर तेही निभावतं.

‘क्लोज्ड’सोबत कारणाचा आकडाही येतो. १ म्हणजे मुदत संपली, २ म्हणजे वापरणाऱ्यानं मिटवलं, ३ म्हणजे आपल्याच प्रोग्रामनं बंद करायला सांगितलं, ४ म्हणजे कारण ठरलेलं नाही. या २ वर फार भिस्त ठेवू नका. बटण दाबल्यावर जे ‘क्लोज्ड’ येतं त्याचं कारणही पुष्कळदा २ च असतं. ग्नोममध्ये सूचनांची सगळी यादी एका झटक्यात साफ केली तर त्यातल्या प्रत्येकीला २ लागतो, त्या माणसानं त्या वाचल्या असोत वा नसोत. आणि डन्स्टच्या मूळ मांडणीत डाव्या क्लिकनं चौकट बंद होते, कृती होते ती मधल्या क्लिकनं. ग्नोममध्ये चौकटीवर डावी क्लिक केली की ‘डीफॉल्ट’ खुणेची कृती चालते. एकाच कार्यालयात दोन संगणक असे असतील, तर तीच सवय एका ठिकाणी होकार आणि दुसऱ्या ठिकाणी मिटवणं ठरते. कारणाचा आकडा लॉगमध्ये जरूर लिहावा. त्यावरून माणसाचं मन ओळखायला जाऊ नये.

सर्व्हरांमधले हे फरक वरवरचे नाहीत. उबुंटूनं २००९ च्या एप्रिलमधल्या ९.०४ आवृत्तीत नोटिफाय-ओएसडी आणलं, त्यात बटणांना जागाच नव्हती. प्रोग्रामनं न विचारता बटणं दिली, तर चौकटीऐवजी चक्क डायलॉग समोर येई. २०१७ च्या १७.१० मध्ये उबुंटू ग्नोमवर आलं आणि बटणं मिळाली, पण ग्नोम शेल आपण सांगितलेली मुदत मानत नाही, आणि बटणं तीनपर्यंतच दाखवतं. म्हणून सुरुवातीलाच ‘गेट कॅपॅबिलिटीज’ विचारावं. उत्तरात ‘ॲक्शन्स’ नसेल तर बटणं द्यायची नाहीत आणि प्रश्न दुसऱ्या वाटेनं विचारायचा. ‘बॉडी मार्कअप’ असेल तर फाइलच्या नावातला अँपरसँड किंवा कोनी कंस आधी एस्केप करावा, नाहीतर ‘कथा अँपरसँड कविता’ छाप नावाच्या पानाचं नोटिफिकेशन अर्धवट किंवा रिकामं दिसतं.

बटण जोडताना एक सापळा पायथनचा स्वतःचा आहे. पानांच्या यादीवर फॉर लूप लावून प्रत्येकाला लॅम्डा दिला आणि त्या लॅम्डात लूपचंच नाव वापरलं, तर बटण दाबेपर्यंत ते नाव यादीतल्या शेवटच्या पानावर जाऊन बसलेलं असतं. कोणतंही बटण दाबा, उघडतं शेवटचंच पान. फंकटूल्समधलं ‘पार्शल’ वापरावं, किंवा लिबनोटिफाय ‘यूझर डेटा’ म्हणून जी जागा देतं तिथे पानाचा क्रमांक द्यावा.

कॉलबॅकच्या आत काय करावं, यावर माझं मत ठाम आहे: शक्य तितकं कमी. तो मेन लूपच्याच थ्रेडमध्ये चालतो. तुम्ही तिथे वीस सेकंद फाइल पाठवत बसलात, तर त्या वीस सेकंदांत दुसऱ्या कोणत्याही चौकटीचं बटण ऐकलं जात नाही, फोल्डरही पाहिला जात नाही. कॉलबॅकनं उत्तर नोंदवावं, ते डिस्कवर लिहावं, काम रांगेत टाकावं आणि परत फिरावं. वेगळ्या थ्रेडमधून पुन्हा नोटिफिकेशन बदलायचं असेल, तर थेट हात न लावता ‘आयडल ॲड’मधून ते काम मेन लूपकडे सोपवावं. उत्तर डिस्कवर लिहिण्याचा आग्रह यासाठी, की वीज गेली किंवा कोणी लॉगआउट केलं तर ‘होकार दिला होता पण पान गेलं नाही’ हे पुढच्या वेळी प्रोग्रामला कळायला हवं.

कॉलबॅकमधल्या एक्सेप्शनबद्दल फारसं कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. साध्या पायथन प्रोग्राममध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं की प्रोग्राम बंद पडतो आणि आपल्याला कळतं. पायथनला लिबनोटिफायशी जोडणाऱ्या पायजीऑब्जेक्टमध्ये कॉलबॅक सीच्या बाजूनं हाकारलेला असतो. तिथे एक्सेप्शन आलं तर ट्रेसबॅक एरर आउटपुटवर छापला जातो आणि मेन लूप काही न घडल्यासारखा पुढे फिरत राहतो. टर्मिनलवर बसून चाचणी घेताना ते दिसतं. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्राममध्ये तो मजकूर फार तर जर्नलमध्ये जातो, आणि तिथे कोणी बघायला जात नाही. मी प्रत्येक कॉलबॅकभोवती ट्राय लावतो, ट्रेसबॅक आपल्या लॉग फाइलमध्ये लिहितो, आणि बाईंना पडद्यावर ‘पान उघडता आलं नाही’ असं साधं, बटण नसलेलं नोटिफिकेशन दाखवतो. वापरणाऱ्याला निदान एवढं तरी कळलं पाहिजे, की त्यानं दाबलेलं बटण पोचलं होतं.

बटण पोचलं तरी न पोचल्यासारखं दिसण्याचं आणखी एक ठिकाण आहे. वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपमध्ये कोणताही प्रोग्राम मनाला येईल तेव्हा आपली खिडकी पुढे आणू शकत नाही. ‘उघडा’ दाबलं, पान उघडलंही, पण इतर खिडक्यांच्या मागे. माणूस वाट पाहतो, पुन्हा दाबू पाहतो, चौकट तर गेलेली. स्पेसिफिकेशनमध्ये यासाठी ‘ॲक्टिव्हेशन टोकन’ नावाचा सिग्नल आहे. तो ‘ॲक्शन इन्व्होक्ड’च्या आधी येतो. ते टोकन घेऊन ‘एक्सडीजी ॲक्टिव्हेशन टोकन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून उघडणाऱ्या प्रोग्रामला द्यावं, म्हणजे खिडकी समोर येते. लिबनोटिफायच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हे टोकन मिळण्याची सोय आहे.

क्रॉनमधून नोटिफिकेशन दाखवू पाहणाऱ्यांना बहुधा काहीच दिसत नाही, कारण क्रॉनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेशन बसचा पत्ता नसतो. सिस्टमडीचं यूझर युनिट आणि टायमर वापरले की हा त्रास राहत नाही. शेल स्क्रिप्टमधूनच काम भागणारं असेल, तर नव्या नोटिफाय-सेंडला ‘ॲक्शन’ हा पर्याय आहे. तो उत्तर येईपर्यंत थांबतो आणि दाबलेल्या बटणाची खूण छापतो. एका साध्या प्रश्नासाठी पायथनमध्ये मेन लूप उभा करण्यापेक्षा ते बरं.

प्रोसेस जिवंत ठेवणं शक्यच नसेल तेव्हा काय? इथे मला जीनोटिफिकेशनची रचना आवडते. ते २०१४ मध्ये ग्लिब २.४० बरोबर आलं. त्यात बटणाला फंक्शन जोडता येत नाही. आपल्या ॲप्लिकेशनच्या एखाद्या नाव दिलेल्या कृतीचं नाव आणि सोबत एक मूल्य जोडायचं. ॲप्लिकेशन डी-बसवरून सुरू करता येईल असं नोंदवलेलं असेल, तर ते बंद असतानाही बटण दाबल्यावर ते सुरू होतं आणि ती कृती त्या मूल्यासह चालते. पानाचा क्रमांक मूल्य म्हणून दिला की कोणती वस्तू जिवंत आहे, कोणतं नाव कशावर बोट ठेवून आहे, हे प्रश्नच उरत नाहीत. डेस्कटॉप फाइल, ॲप्लिकेशन आयडी अशी तयारी करावी लागते, छोट्या स्क्रिप्टला ती जड वाटते. पण कार्यालयात वर्षानुवर्षं चालायच्या प्रोग्रामला ती परवडते, आणि लिबनोटिफायवर शंभर ठिगळं लावण्यापेक्षा हा रस्ता मी सुचवीन.

तरीही ‘पान छापखान्याकडे पाठवायचं?’ हा प्रश्न मी नोटिफिकेशनमधून काढूनच टाकला. जे उत्तर चुकलं तर परत घेता येत नाही, ते कोपऱ्यातल्या चौकटीत विचारू नये. ती चौकट आपोआप जाते, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं असेल तर दिसतच नाही, भलत्याच क्लिकनं मिटते. आता नोटिफिकेशन एवढंच सांगतं की अमुक पानं निर्णयाची वाट पाहत आहेत, आणि त्यावरचं एकमेव बटण एक साधी खिडकी उघडतं. तिथे पानांची यादी आहे, प्रत्येकाची अवस्था आहे, ‘पाठवा’ आहे. चौकट मिटली, हरवली, आलीच नाही, तरी यादी तिथेच असते आणि बाई चहा घेऊन आल्यावर ती उघडतात. कॉलबॅक चुकला तर एक क्लिक जास्त लागते, पान गळत नाही.

असा कोणताही प्रोग्राम हाती सोपवण्याआधी मी तो अनेक वाटांनी चालवून बघतो. बटण दाबतो. चौकट मिटवतो. काहीच न करता मुदत संपू देतो. एकामागून एक बरीच नोटिफिकेशनं सोडून सगळ्यात जुन्याचं बटण दाबतो. दोन पाठोपाठ दाबतो, तेही पाठवणारा थ्रेड जड पानात अडकलेला असताना. चौकट पडद्यावर असताना नोटिफिकेशन सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतो. शेजारी टर्मिनलमध्ये डीबस-मॉनिटर लावलेला असतो, त्यात सर्व्हरनं नक्की काय आणि कोणत्या क्रमानं पाठवलं ते दिसतं; लायब्ररीनं गिळलं की सर्व्हरनं पाठवलंच नाही, हा वाद तिथेच मिटतो. आपोआप चालणाऱ्या चाचण्यांसाठी पायथन-डीबसमॉक आहे. त्याच्यात नोटिफिकेशन सर्व्हरचा तयार साचा मिळतो, आणि त्यातून हवे ते सिग्नल हव्या त्या क्रमानं सोडता येतात. ‘क्लोज्ड’ आधी आणि ‘ॲक्शन इन्व्होक्ड’ नंतर, असा उलटा क्रम देऊन मी पहिली चाचणी लिहितो, आणि दुसरी चाचणी कोणताच सिग्नल न पाठवणाऱ्या सर्व्हरची.